नकाशाखालच्या सहीचा प्रश्न

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जळगावच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरूही दिसत नाही अशा वेळी, माझी भाची आणि तिचे वडील माझ्या कार्यालयात आले. भाची नाशिकला बी.आर्क.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीच्या, पाचव्या वर्षाला आहे. भाऊजींची रावेरजवळ केळीची बाग आहे. त्यांच्या हातात एक जाड फाईल होती आणि तिच्यात अकरा परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके क्रमवार लावलेली होती: चार अमेरिकेची, तीन ब्रिटनची, आणि जर्मनी, नेदरलँड्स, इटली व ऑस्ट्रेलिया यांचे प्रत्येकी एक. हा क्रम जागतिक क्रमवारीनुसार असल्याचे भाचीने सांगितले. भाऊजींनी पाणी प्यायले, टोपी मांडीवर ठेवली आणि विचारले, “ताई, यातली सगळ्यात चांगली कोणती, तेवढे सांगा. पैशांचे मी बघतो.”

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला अनेक पालकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर मला देता येत नाही, कारण तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. मी भाऊजींना उलट विचारले की, शिकून झाल्यावर ही मुलगी कोणत्या देशातल्या नकाशाखाली सही करणार आहे? दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. फाईलमधल्या एकाही कागदावर हा प्रश्न नव्हता.

वास्तुकलेची पदवी अभियांत्रिकीच्या किंवा संगणकशास्त्राच्या पदवीसारखी देशोदेशी सारख्याच मोलाने चालत नाही. वास्तुविशारद म्हणवून घेण्याचा हक्क बहुतेक देशांत कायद्याने राखून ठेवलेला आहे आणि तो कोणत्या अभ्यासक्रमानंतर मिळतो हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. आपल्याकडे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार ‘आर्किटेक्ट’ हे पदनाम वापरायचे असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असावी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. परदेशी पदव्यांना मान्यता देण्याची तरतूद याच कायद्यात वेगळ्या कलमात आहे. पण विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे एवढ्यावर ती मान्यता मिळत नाही. म्हणून बारावीनंतर लगेच मुलाला परदेशी पाठवू पाहणाऱ्या पालकांना मी आधी कौन्सिलकडे लेखी विचारणा करायला सांगते, आणि बहुतेकांना तर पाच वर्षांचे बी.आर्क. इथेच पूर्ण करून मग बाहेर पाठवा असे स्पष्ट सांगते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या तीन वर्षांच्या पदवीने विद्यार्थी कुठेच वास्तुविशारद होत नाही. त्या पदवीपुढे आणखी दोन वर्षे तिथेच काढण्याची तयारी असेल तरच तिला अर्थ आहे. पाच वर्षे इथे झालेली असली की निदान आपल्या मातीतली सही हातात असते आणि बाहेरची पदवी त्यावरची भर ठरते. भाचीचे हे पहिले काम आपोआप होत आले होते. त्यामुळे आमच्यापुढे प्रश्न फक्त पुढच्या दोन वर्षांचा होता.

अमेरिकेच्या चार पत्रकांपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त आहे. चारही पत्रकांवर ‘मास्टर’ हा शब्द होता, पण त्या चार पदव्या तीन वेगळ्या जातींच्या होत्या. तिथे व्यावसायिक पदव्यांना मान्यता देणारी संस्था नॅब (NAAB) ही आहे आणि ती बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. या तीनच प्रकारच्या पदव्यांचा विचार करते. आता गंमत अशी की, साधारण तीन-साडेतीन वर्षांचा एम.आर्क. हा मुळात वास्तुकला न शिकलेल्यांसाठी असतो आणि तो मान्यताप्राप्त असतो. तर आपल्यासारख्या बी.आर्क. झालेल्यांसाठी आखलेला दीड-दोन वर्षांचा ‘पोस्ट-प्रोफेशनल’ अभ्यासक्रम, मग त्याचे नाव एम.आर्क. असो वा मास्टर ऑफ सायन्स, हा त्या मान्यतेच्या कक्षेत येत नाही. म्हणजे अधिक नावाजलेल्या, अधिक महागड्या वर्गात बसूनही तिथल्या परवान्याचा रस्ता मात्र आडवळणाचा होतो, कारण बहुतेक राज्ये मान्यताप्राप्त पदवी मागतात. नाहीतर आपल्या भारतीय शिक्षणाचे स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यावे लागते. पुढे नोंदलेल्या अनुभवाचे ३,७४० तास आणि सहा भागांची परीक्षा हे दोन्ही आहेतच. काही विद्यापीठे बी.आर्क. झालेल्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त एम.आर्क.मध्ये वरच्या सत्रात प्रवेश देतात आणि तो दोन-अडीच वर्षांत पूर्ण होतो. ज्याला तिथेच स्थायिक होऊन व्यवसाय करायचा आहे त्याने हाच मार्ग शोधावा असे माझे मत आहे. ज्याला फक्त दोन वर्षे डोके उघडे ठेवून काम करायचे आहे आणि परत यायचे आहे, त्याला पोस्ट-प्रोफेशनल अभ्यासक्रम अधिक मोकळीक देतो. दोन्ही चांगले आहेत. पण एकाच्या जागी दुसरा घेतला तर पस्तावावे लागते.

याच पत्रकांत आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट असते. पदवीनंतर तिथे काम करण्याची परवानगी सध्याच्या नियमांनुसार १२ महिन्यांची मिळते आणि अभ्यासक्रमाची गणना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत होत असेल तर आणखी २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. साधी ‘आर्किटेक्चर’ अशी नोंद असलेला अभ्यासक्रम त्या यादीत येत नाही. बांधकाम-विज्ञान व तंत्रज्ञान या शीर्षकाखाली नोंदलेला येतो. अनेक विद्यापीठांनी आपल्या अभ्यासक्रमाची नोंद त्यामुळे बदलून घेतली आहे. दोन शेजारच्या विद्यापीठांतला हा फरक कर्जाच्या हप्त्यांच्या दृष्टीने क्रमवारीतल्या चाळीस स्थानांपेक्षा मोठा असतो, आणि तो विचारायचा तर प्रवेश कार्यालयाला अभ्यासक्रमाच्या सरकारी नोंदीचा संकेतांकच विचारावा लागतो. भाचीने हा प्रश्न लगेच लिहून घेतला. भाऊजींनी मात्र पहिल्यांदाच फाईल बंद केली.

ब्रिटनबद्दल मी थोडी कडवट बोलते हे मला मान्य आहे. मी स्वतः बी.आर्क.नंतर पहिल्यांदा तिथेच निघाले होते. एका सल्लागाराने मला एका वर्षाचा ‘मास्टर्स’ सुचवला होता, माहितीपत्रकातली इमारत देखणी होती, आणि एका वर्षाचा खर्च दोन वर्षांच्या निम्मा हे गणित आमच्या घरी सर्वांना पटले होते. जागा राखण्यासाठी भरायची रक्कम भरून झाल्यावर एका ज्येष्ठ मैत्रिणीने फोनवर विचारले, “हा पार्ट टू आहे का?” मला तो शब्दच ठाऊक नव्हता. तिथे तीन वर्षांची पदवी म्हणजे पार्ट वन, पुढचा दोन वर्षांचा एम.आर्क. म्हणजे पार्ट टू, आणि कामाच्या अनुभवानंतरची व्यावसायिक परीक्षा म्हणजे पार्ट थ्री, अशी वर्षानुवर्षांची उतरंड आहे. एका वर्षाचे एम.ए. या उतरंडीत कुठेच बसत नाही आणि आपले बी.आर्क.ही तिथे आपोआप पहिल्या वा दुसऱ्या पायरीवर ठेवले जात नाही. तिथली नोंदणी संस्था, म्हणजे आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्ड, ही पायऱ्यांची रचना आता बदलत आहे. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर न जाता बोर्डाची चालू यादीच पाहावी. सल्लागाराला मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला की, तुम्ही मास्टर्स मागितले होते, मी मास्टर्स दिले. शब्दशः पाहिले तर त्याचे खोटे नव्हते. भरलेली रक्कम परत मिळाली नाही.

पुढच्या वर्षी मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गेले. त्या निवडीतही शहाणपण किती आणि योगायोग किती हे सांगणे कठीण आहे. पण तोपर्यंत काय विचारायचे हे मला कळले होते. डेल्फ्टची बॅचलर पदवी डच भाषेत शिकवली जाते, मास्टर्स मात्र इंग्रजीत आहे आणि तो दोन वर्षांचा आहे. मला तिथल्या विद्यार्थ्यांचे आधीचे प्रबंध ऑनलाइन संग्रहात पूर्ण वाचायला मिळाले, आणि माझ्या मते संस्था ओळखण्याचा याहून चांगला मार्ग नाही. माहितीपत्रकात वर्षातली सर्वोत्तम तीन कामे असतात. संग्रहात मधल्या विद्यार्थ्याचे कामही असते, आणि आपण बहुधा मधलेच असतो. त्या प्रबंधांत छेद-चित्रे, म्हणजे इमारत उभी कापल्यास आत काय दिसेल ते दाखवणारी चित्रे, होती, भिंतीच्या जाडीचे तपशील होते, फसलेले प्रयोगही होते. नुसत्या चकचकीत दृश्यांनी भरलेले प्रबंध मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या संग्रहात पाहिले होते आणि तिथे अर्ज केला नाही.

डेल्फ्टच्या वास्तुकला विभागाची मूळची उंच इमारत १३ मे २००८ रोजी जळाली. कॉफीच्या यंत्रापाशी पाणी गळून शॉर्ट सर्किट झाले, आणि दिवसभरात इमारतीचा भाग कोसळलाही. माणसे सुखरूप बाहेर पडली. त्यानंतर विद्यापीठाने त्याच परिसरातली एक जुनी वीटबांधणीची इमारत काही महिन्यांत दुरुस्त करून तिथे सारा विभाग हलवला, अंगणांवर काचेची छते टाकून मोठे कामकक्ष केले. मी गेले तेव्हा ही तात्पुरती सोय कायमची झालेली होती. जुन्या इमारतीचा पुनर्वापर म्हणजे काय यावरची व्याख्याने आम्ही त्याच पुनर्वापर केलेल्या इमारतीत बसून ऐकत होतो. कार्यशाळेत लाकूड कापताना मी विचार करायचे की, आमच्याकडे आग लागली असती तर निविदा निघायलाच तीन वर्षे गेली असती.

पण तिथली दोन वर्षे सुखाची होती असे मी म्हणणार नाही. थंड हवेच्या देशात उष्णता आत कशी धरून ठेवायची हे शिकवतात. आम्हाला ती बाहेर कशी ठेवायची हे हवे असते. पहिल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, मी अमळनेरच्या आमच्या धाब्याच्या घराचा छेद लावला होता. सागाचे सर म्हणजे तुळया, त्यांवर फळ्या, पाला, आणि वर गावठाणातल्या पांढऱ्या मातीचा जाड थर, जो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चोपून घ्यावा लागतो. एका प्राध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. सपाट मातीच्या छतावर पाऊस कसा टिकतो हे त्यांना कळेना. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: हे छत थंड राहते हे तुम्ही मोजले आहे का? मी मोजले नव्हते. लहानपणापासून माजघरात दुपारी झोपलो म्हणून ते थंड असते असे मी गृहीत धरले होते. त्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा दोन तापमापक विकत घेतले आणि आठवडाभर दर दोन तासांनी नोंद केली. अंगणात ४३ अंश असताना माजघरात ३४ होते. पण रात्री उलटे व्हायचे, दिवसभर मातीने शोषलेली उष्णता तेव्हा कुठे आत पोहोचायची, आणि आमचे सारे घर अंथरुणे घेऊन धाब्यावर का जाते याचे कारण मला वयाच्या चोविसाव्या वर्षी वहीतल्या आकड्यांवरून कळले. आजी नोंदवही पाहून म्हणाली, “घर बांधाले शिकासाठे इतलं दूर कसाले जास वं माय?” तिला मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. उत्तर एवढेच होते की, घर इथे होते, पण ‘मोजले का?’ असे विचारणारा माणूस मला तिथे भेटला.

म्हणून संस्था निवडताना मी शिक्षक पाहायला सांगते. आपल्याकडच्या मोठ्या वास्तुविशारदांचे रस्ते पाहिले तरी हेच दिसते. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे १९४५ साली सरकारी पाठबळावर हार्वर्डला गेले, ते आधुनिक वास्तुकलेचे एक प्रणेते वॉल्टर ग्रोपियस तिथे शिकवत होते तेव्हा. चार्ल्स कोरिया मिशिगनमध्ये पदवी घेऊन पुढे एम.आय.टी.ला गेले. बाळकृष्ण दोशी तर मुंबईच्या जे. जे.नंतर लंडनमार्गे पॅरिसला वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात पोहोचले, म्हणजे विद्यापीठ सोडून त्यांनी थेट माणसाचेच घर गाठले. मात्र आज या सल्ल्यात एक फट आहे. पत्रकावर ज्याचा फोटो आहे तो प्रसिद्ध वास्तुविशारद बहुधा एका सत्रात काही वेळाच येतो, आणि अनेक अमेरिकी विद्यापीठांत त्याच्या स्टुडिओत, म्हणजे रचनेच्या वर्गात, जागा चिठ्ठी टाकून मिळते. नाव पाहून गेलेल्या माझ्या एका मित्राला ते नाव दोन वर्षांत एकदाही समोर बसलेले मिळाले नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला टेबलापाशी येऊन तुमच्या रेषांवर पेन्सिल फिरवणारे कोण आहेत, त्यांच्यामागे विद्यार्थी किती, आणि त्यांनी स्वतः काय बांधले किंवा लिहिले आहे, हे तिथे सध्या शिकणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला पत्र पाठवून विचारावे. मुले मोकळेपणाने उत्तर देतात. कार्यशाळा रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते आणि लेझर कटिंगचे पैसे वेगळे पडतात का, हेही विचारावे. प्रतिकृतींचा खर्च कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो आणि तो महिन्याच्या किराण्याइतका होऊ शकतो.

क्रमवारी मी निरुपयोगी म्हणत नाही. ती बरीचशी शैक्षणिक जगतातला लौकिक, नोकरी देणाऱ्यांची मते आणि शोधनिबंधांचे उल्लेख यांवरून काढलेली असते. स्टुडिओत काय घडते ते तिच्यात येत नाही. पण आपल्या राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावे लागते, आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या ज्या मुलांना त्या लागू आहेत त्यांनी यादी करतानाच ती अट पाहावी. तिथे पाहिला जातो तो संपूर्ण विद्यापीठाचा क्रमांक की वास्तुकला विषयाचा, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्दशः वाचावे. वास्तुकलेतले काही नामांकित विभाग स्वतंत्र संस्था आहेत आणि विद्यापीठांच्या यादीत ते येतच नाहीत. लंडनची १८४७ पासूनची आर्किटेक्चरल असोसिएशन ही त्यांतलीच.

जर्मनीचे पत्रक भाऊजींना सर्वांत आवडले, कारण बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. ते खरे आहे, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे शुल्क सुरू केले आहे. शिवाय आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याची एपीएस तपासणी करून घ्यावी लागते आणि वर्षाच्या राहण्याचे पैसे, अलीकडच्या नियमाने ११,९०४ युरो, बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठराविकच रक्कम काढता येते अशा खात्यात, आधी दाखवावे लागतात. खरी अडचण भाषेची आहे. वर्ग इंग्रजीत मिळेल, कार्यालय मिळणार नाही. बांधकामाचे नियम, ठेकेदार आणि नगरपालिका हे सारे जर्मनमध्येच बोलतात. भाचीने जर्मन शिकायला सुरुवात केलेली नाही, म्हणून ते पत्रक आम्ही बाजूला ठेवले. जर्मनीचीच डाड (DAAD) शिष्यवृत्ती वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी स्वतंत्रपणे मिळते, ती मात्र मी लिहून दिली. इटलीत कुटुंबाच्या उत्पन्नावर शुल्क ठरते, त्यामुळे मिलानचे पत्रक राहिले. ऑस्ट्रेलियाबद्दल मला फारसे सांगता आले नाही, आणि भाचीलाही ते पत्रक फाईलमध्ये का आहे हे आठवेना.

मग पैशांचा विषय निघाला. शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते तेव्हा बागायती शेती कितीही असली तरी बहुधा चालत नाही. घर किंवा एनए प्लॉट लागतो. माझ्या वेळी आमच्या वडिलांना धुळ्याचा प्लॉट तारण ठेवावा लागला होता. भाऊजींकडे दहा एकर केळी आहे, पण गेल्या वर्षी वादळात अर्धी बाग आडवी झाली, आणि ज्या भावाने पीक जाते त्या भावाने हप्ते कसे फिटतील हा हिशेब त्यांनी मांडून पाहिलेला नव्हता. वास्तुविशारदाला परदेशातही संगणक अभियंत्याइतका पगार मिळत नाही, आणि परत आल्यावर जळगाव-नाशिकच्या कार्यालयांतल्या पगारातून डॉलरमधल्या शुल्कासाठी काढलेले कर्ज फेडणे किती अवघड आहे हे मी त्यांना माझ्या पहिल्या तीन वर्षांचे आकडे दाखवून सांगितले. भाची थोडी नाराज झाली. पण हे तिच्या समोरच बोलायला हवे होते.

शेवटी आम्ही तिचा पोर्टफोलिओ, म्हणजे अर्जासोबत पाठवायचा कामांचा संग्रह, उघडला. पहिल्या पानावर विमानतळ होता, दुसऱ्यावर वस्तुसंग्रहालय, आणि दोन्ही सामूहिक काम होते, ज्यात तिचा हात कुठे आहे हे लिहिलेले नव्हते. निवड समितीला ही पहिली शंका येते. शेवटच्या पानावर, अगदी लहान आकारात, फैजपूरचे एक रेखाचित्र होते. १९३६ च्या डिसेंबरमध्ये तिथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून सारी नगरी सजवली होती; तिने जुन्या छायाचित्रांवरून प्रवेशद्वाराचे सांधे कसे असतील याचा अंदाज बांधून तपशील काढले होते. घर रावेरला आणि कॉलेज नाशिकला, म्हणजे फैजपूर तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पडते. हे मागे का टाकलेस असे विचारल्यावर ती म्हणाली, “मावशी, ते गावाकडचे वाटेल.” मी तिला सांगितले की गावाकडचे आहे म्हणून ते पुढे घेऊ नकोस, मातीची घरे आणि बैलगाड्या दाखवून परदेशी परीक्षकाला हळवे करण्याचा धंदा बराच झाला आहे आणि त्यांना तो ओळखता येतो. ते पुढे घे, कारण सबंध पोर्टफोलिओत तू स्वतः विचार करून काढलेला सांधा तेवढाच आहे. आता खरा बांबू आणून एक सांधा प्रत्यक्षात बांध, त्यावर वजन टांग, आणि कुठे तुटतो ते छायाचित्रासह लिही.

संध्याकाळी पाच वाजता ते निघाले तेव्हा अकरांपैकी चार पत्रके उरली होती: अमेरिकेतले वरच्या सत्रात प्रवेश देणारे एक, ब्रिटनमधले बोर्डाच्या यादीत असलेले एक, मिलान आणि डेल्फ्ट. अर्जांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणजे हातात सात महिने आहेत. परवा तिने अमेरिकेतल्या त्या प्रवेश कार्यालयाला तीन प्रश्नांचे पत्र पाठवले: अभ्यासक्रमाला नॅबची मान्यता आहे का, त्याचा संकेतांक कोणता, आणि गेल्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कुठे वाचता येतील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याच दिवशी आली. तिसऱ्याचे अजून आलेले नाही. भाऊजींचा मात्र काल फोन आला होता. बांबू किती जाडीचा लागेल, ते विचारत होते.